विम्याच्या पुरचुंडीत काय आहे?

आमच्या माजलगावाला आगगाडी नाही. बीडला ती २०२५च्या सप्टेंबरात अहिल्यानगरकडून आली, पण आम्हाला गाडी धरायची तर अजून परळी, सेलू नाहीतर परभणीच गाठावी लागते. म्हणजे आमचा कुठलाही लांबचा प्रवास एस.टी.नं सुरू होतो, पुढे रेल्वे, आणि हल्ली लेकी-सुना परदेशी असल्यामुळे कधीमधी विमानसुद्धा. एका प्रवासात तीन वाहनं, आणि तिन्हींचा विमा वेगवेगळा. एकात जे मिळतं ते दुसऱ्यात नसतं. आपण मात्र 'विमा आहे ना?' एवढं विचारतो, 'हो आहे' म्हटलं की पिशवीची चेन ओढून मोकळ्या!

आमच्या घरी असले कागद वाचायचं खातं माझ्याकडे आहे. 'ह्यां'नी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण बारीक अक्षरातला कागद समोर आला की नेमका त्यांचा चष्मा सापडत नाही. तेव्हा वाचून वाचून जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

एस.टी.चं थोडक्यात सांगते. २०१६च्या एप्रिलपासून एस.टी.नं अपघात सहाय्यता निधी सुरू केला, त्यासाठी तिकिटामागे एक रुपया घ्यायला लागले. अपघातात प्रवासी दगावला तर वारसांना दहा लाखांपर्यंत मदत मिळावी अशी ती योजना. पण त्यासाठी तिकीट हवं. उतरल्या उतरल्या तिकिटाची गोळी करून फेकणाऱ्या बायका मी रोज स्टँडवर पाहते. घरी पोचेपर्यंत ते चिटोरं बटव्यात राहू द्या, त्याला काही जागा लागत नाही.

रेल्वेचं प्रकरण जरा नीट ऐका. तिथे दोन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली म्हणजे रेल्वेची कायद्यानं ठरलेली भरपाई. गाडीला अपघात झाला किंवा चालत्या गाडीतून कुणी पडलं, तर तिकीटधारक प्रवाशाच्या मृत्यूबद्दल आठ लाख रुपये मिळतात. पूर्वी चार लाख होते, २०१७च्या जानेवारीपासून आठ झाले. ह्याला वेगळा हप्ता नाही, खिडकीवर काढलेलं तिकीटही चालतं. मात्र रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आपल्या राज्यात त्याची पीठं मुंबईला आणि नागपूरला आहेत.

दुसरी म्हणजे मोबाइलवर तिकीट काढताना 'विमा घेता का?' अशी जी ओळ येते ती. २०१६च्या सप्टेंबरात हा विमा ९२ पैशांना निघाला होता, पुढे तो आणखी उतरला, हल्ली अर्ध्या रुपयाच्याही आत येतो. कोथिंबिरीची काडी येत नाही हो एवढ्यात! त्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दहा लाख, अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत, आणि इजेमुळे दवाखान्यात राहावं लागलं तर दोन लाखांपर्यंत खर्च. खिडकीवरच्या तिकिटाला हा विमा नाही. वेटिंगवर राहिलेल्या तिकिटालाही नाही.

आता ह्यातली खरी मेख. हा विमा घेतला की कंपनीकडून मोबाइलवर आणि ई-मेलवर एक संदेश येतो. तो उघडून वारस म्हणून कुणाचं नाव लावायचं ते भरायचं असतं. आमच्याकडे निम्म्या बायका तिकीट कोपऱ्यावरच्या दुकानातून काढून घेतात, आणि दुकानदार घाईत आपलाच नंबर टाकतो. मग तो संदेश जातो दुकानदाराच्या फोनवर, त्याच्या शंभर संदेशांत. इकडे वारसाचा रकाना कोराच. काही बरंवाईट झालं तर पैसे बुडत नाहीत, पण वारसाचे दाखले गोळा करण्यात बिचाऱ्या बाईचे तहसीलला हेलपाटे सुरू होतात. म्हणून दुकानात उभं राहूनच सांगावं, 'भाऊ, नंबर माझा टाका.' माझ्या जावेला हे सांगितलं तर म्हणाली, "अगं बाई, निघताना कशाला असलं अभद्र बोलायचं!" मी म्हटलं, अभद्र बोलायचं नाही, नुसतं नाव लिहायचंय.

आणि एक लक्षात ठेवा. ह्या दोन्हींत आजारपण नाही. गाडीत कुणाच्या छातीत कळ आली, साखर उतरून चक्कर आली, तर ना ती आठ लाखांची भरपाई, ना अर्ध्या रुपयाचा विमा. कायद्यातच लिहिलंय की नैसर्गिक कारणानं किंवा आजारानं झालेल्या गोष्टीला भरपाई नाही. आता आपल्या वयाच्या जोडप्यांना वाटेत भीती कशाची असते? गाडी रुळावरून घसरण्याची का गोळ्या घरी विसरण्याची? प्रवासात आजारी पडलं तर उपयोगी पडते ती तुमची घरची आरोग्य विम्याची पॉलिसी. ती असेल तर तिचं कार्ड तिकिटाच्याच पाकिटात ठेवावं.

जत्रेला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. आमच्या तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. धोंड्याच्या महिन्यात तिथे ही गर्दी लोटते, आणि गावोगावच्या बायका टेम्पोत दाटीवाटीनं उभ्या राहून येतात. त्या टेम्पोचा विमा असतो, नाही असं नाही, पण तो मालाचा टेम्पो आहे. मालवाहू गाडीतून नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलंय. म्हणजे दाद मागायची ती मालकाकडे, आणि मालक तर बहुधा टेम्पोच्याच कर्जात बुडालेला! पोरींना एवढंच सांगते, शक्यतो एस.टी.नं या. आणि बँकेत खातं असेल तर वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना करून टाका. १८ ते ७० वयापर्यंत घेता येते, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. दरसाल जूनच्या आधी खात्यात तेवढे पैसे शिल्लक ठेवायचे, हप्ता आपोआप वळता होतो. आजारपण मात्र इथेही नाही.

आता परदेशाचं. ह्यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आया हल्ली आमच्या माजलगावातसुद्धा दोन-चार निघतात. माझी लेक न्यू जर्सीत असते. २०२३च्या डिसेंबरात आम्ही दोघं गेलो. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा विम्याशिवाय मिळतच नाही, आणि तो विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तशी अट नाही. त्यामुळे 'सक्ती नाही ना, मग कशाला?' म्हणून बरेच जण तसेच जातात. आणि दवाखाना जगात सगळ्यात महाग कुठे, तर तिथेच!

गावातल्या ओळखीच्या एजंटानं आमच्यापुढे तीन पत्रकं मांडली. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. सराफाच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं मला. पण सराफाकडे आपण नाव ऐकून घेतो का? वजन बघतो, घडणावळ विचारतो, हॉलमार्क आहे का पाहतो. तसंच केलं. तिन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवून ओळीनं वाचली. खालच्यात दवाखान्याचा खर्च ५० हजार डॉलरपर्यंत आणि अपघात, बास. मधल्यात रक्कम मोठी, शिवाय सामान हरवणं, पासपोर्ट हरवणं, विमानाला उशीर. वरच्यात रक्कम आणखी मोठी, आणि निघण्याआधीच प्रवास रद्द करावा लागला तर तोही खर्च. एजंट सामानाचंच कौतुक सांगत होता. मला सामानाची काळजी नव्हती. बॅगेत होतं काय, तर डिंकाचे लाडू, मेतकूट आणि बाळाच्या दुपट्या! सामानाच्या विम्यात दागिने आणि रोकड बहुधा धरतच नाहीत, तेव्हा सोनं बॅगेत टाकून विम्यावर भिस्त ठेवू नये. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीकडून तसा लेखी कागद घ्यावा, त्याशिवाय दावा उभा राहत नाही. सामानाचं एवढंच.

मला बघायच्या होत्या तीन गोष्टी. साठीच्या पुढच्यांना पुष्कळ पॉलिस्यांत आतल्या मर्यादा असतात. वर लिहिलेलं असतं लाख डॉलर, आणि आत खोलीभाड्याला रोज इतकेच, ऑपरेशनला इतकेच. म्हणजे हंडा मोठा आणि तोंड चिंचोळं. दुसरी गोष्ट, दर दाव्यात पहिले काही डॉलर आपल्या पदरचे. आमच्या पॉलिसीत ते शंभर होते. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची, जुना आजार. ह्यांना पंधरा वर्षं बी.पी. आहे. स्वस्त पत्रकात जुन्या आजाराला काहीच नव्हतं. वरच्या दोन्हींत होतं, पण जीव धोक्यात आला तरच, आणि तेही ठराविक रकमेपर्यंत. रोजच्या गोळ्या, नेहमीची तपासणी, दातांची साधी कामं, बाळंतपण, हे कुठेच नाही. लेकीच्या बाळंतपणाचा खर्च तिच्या तिथल्या विम्यातून होतो, आपल्यातून नव्हे, हेही विहीणबाईंना समजावून सांगावं लागलं.

अर्ज भरताना एजंट म्हणाला, "वहिनी, बी.पी.चं लिहू नका. उगी हप्ता वाढतो, कोण बघायला येतंय तिकडं."

मी म्हटलं, "भाऊ, रोज सकाळी माझ्या हातानं गोळी देते मी, आणि कागदावर नाही म्हणू?"

लिहिलं. हप्ता वाढला. हे दोन दिवस घुश्शात होते.

जानेवारीत बर्फ पडला. जावई नको नको म्हणत असताना हे दार उघडून पायरीवर गेले, 'बघू तरी कसा असतो' म्हणून. पाय सटकला आणि मनगट मोडलं. दवाखान्यात नेईपर्यंत लेक ओली बाळंतीण घरात रडतेय, मी तिच्यापाशी, आणि जावई एकटे ह्यांना घेऊन गेलेले. मी तेवढ्यात एकच काम केलं. पॉलिसीवरचा मदतीचा नंबर जावयांना फोनवर वाचून दाखवला. कारण चोवीस तासांत कळवायचं असं त्यात लिहिलेलं होतं.

पुढे महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. प्रश्न काय, तर पेशंट बर्फावरून घसरला की बी.पी.मुळे चक्कर येऊन पडला? बघा हं, हाड तेच, बिल तेच, पण चक्कर येऊन पडले असतील तर जुना आजार, आणि मग पैसे नाहीत. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर 'बर्फावर पाय घसरला' असं स्पष्ट होतं, कारण जावयांनी आत शिरतानाच तसं सांगितलं होतं. आणि बी.पी. आम्ही अर्जात आधीच लिहिलेलं, त्यामुळे लपवलं असं म्हणायला जागा नव्हती. शंभर डॉलर वजा करून हाडाचे सगळे पैसे आले. तिथल्या डॉक्टरांनी बी.पी.साठी वेगळी तपासणी सांगितली होती, तिचं बिल नाकारलं. ते आम्ही भरलं. कागदात तसंच होतं, तेव्हा भांडायचं कुणाशी?

हे म्हणतात, 'तुझा हप्ता वसूल झाला.' मला विचाराल तर असा हप्ता बुडालेलाच बरा.

आणखी एक, जाणाऱ्या आयांसाठी. बाळाला बघायला म्हणून मुक्काम हमखास लांबतो. महिनाभर जास्त राहायचं ठरलं तर पॉलिसी संपायच्या आधीच मुदत वाढवून घ्यायची. संपल्यावर मागाल तर नव्यानं अडचणी. आम्ही तिकीट पुढे ढकललं त्याच दिवशी जावयांकडून तेही करून घेतलं. आणि पॉलिसीची एक झेरॉक्स इथे माजलगावात जाऊबाईंकडे ठेवली होती, मदतीच्या नंबराखाली लाल शाईनं रेघ मारून. ती त्यांनी देवघरातल्या फडताळात, पंचांगाखाली ठेवली. अजून तिथेच आहे.