पोरगं तयार झालंय का?

दोन आठवडे काही लिहिलं नाही, रिलीज होता. असो. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने कोल्हापूर गाठलं आणि रविवारी मामा, मामी आणि मामेभावाबरोबर जोतिबाला गेलो. रविवार म्हणजे देवाचा वार, त्यामुळे गर्दी भरपूर. पायऱ्यांवर गुलाल, दवण्याचा वास, मधूनच कुणीतरी जोरात 'चांगभलं' म्हणणार आणि आपल्याही तोंडून ते आपोआप निघणार.

तर मुद्दा असा. मामेभाऊ सोळा वर्षांचा आहे आणि बॅटिंग खरंच चांगली करतो. (घरचा म्हणून सांगत नाही.) त्याच्या कोचचं म्हणणं, याला आता क्लबच्या सीनियर टीममध्ये खेळवू. तिथले बॉलर पंचवीस-तीस वर्षांचे. मामी म्हणते दोन वर्षं थांबा, एक बॉल तोंडावर बसला की पोरगं कायमचा धसका घेईल. दर्शन घेऊन बाहेर टेकलो तेव्हा मामांनी मलाच विचारलं, "तू शिकलेला, तू सांग. चढवायचा काय पोराला?"

शिकलेला माणूस काय करतो? उदाहरण देतो. मी सचिन काढला. १९८९, कराची, वय १६.

"सचिन एकच असतोय," मामा म्हणाले. "दुसरं सांग."

दुसऱ्यासाठी कोल्हापूरच्या बाहेर जायची गरज नव्हती. १९४८ हे एकच साल घ्या. त्या वर्षी खाशाबा जाधव लंडन ऑलिंपिकला गेले. मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला इथे राजाराम कॉलेजात. वय २२. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांची मदत. तयार झालेले मातीत, आणि तिथे कुस्ती मॅटवर, नियमही वेगळे. आमच्या ऑफिसच्या भाषेत 'नॉट रेडी'. सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ ला, हेलसिंकीत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्याच १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केले. जन्म कोल्हापूरचाच. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम ४५२ चा, आणि काठियावाडच्या कॅप्टनने मॅचच सोडून दिली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण त्यांना पुढे एकही टेस्ट खेळायला मिळाली नाही, हे आपण सांगता सांगता खाली टाकतो. २०१२ साली ते गेले. म्हणजे जो तयार नव्हता तो गेला, हरला आणि नंतर जिंकला. जो तयार होता त्याला कुणी बोलावलंच नाही.

"म्हणजे चढवायचा," मामा म्हणाले.

मी 'हो' म्हणणार होतो, पण अडखळलो. कारण मला आमचा फ्रेशर आठवला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरगा हुशार. आठव्याच महिन्यात मी त्याला एका मोठ्या रिलीजला एकट्याला उभं केलं, आणि मॅनेजरला ते अभिमानाने सांगितलंही. रात्री दोनला रिलीज झोपला. रोलबॅक केला, तासाभरात सगळं पूर्ववत. कोडसाठी आमच्याकडे रोलबॅक प्लॅन होता. त्या पोरासाठी नव्हता. सकाळच्या कॉलवर कुणी केलं म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याचं नाव सांगितलं. 'निर्णय माझा होता' हे वाक्य तोंडाशी आलं होतं. अप्रेझल जवळ होतं, गिळलं. पुढच्या रिलीजला त्याला घेतलंच नाही. तीन महिन्यांनी त्याने पेपर टाकले. तेव्हापासून मी स्वतःला समजावत आलोय की मी त्याला फार लवकर चढवलं.

मामांना एवढं सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "पोरगं पडलं तर?"

मामा हसले. "चैत्रात सासनकाठी नव्या पोराच्या हातात देतोच की आम्ही. काठी हलणारच. पण चारी बाजूंनी दोऱ्या धरलेल्या असत्यात. त्या कुणी सोडत न्हाई."

खाशाबांच्याही दोऱ्या कुणीतरी धरल्या होत्या. हेलसिंकीच्या खर्चासाठी त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. एकदा सहाव्या आलेल्या पोरासाठी! सचिनच्याही पहिल्या डावात १५ च होत्या, आणि पहिलं टेस्ट शतक यायला १९९० चा ऑगस्ट उजाडला. तोवर त्याला कुणी काढलं नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तर याची सोयच आहे. माइक ट्राउटला २०११ च्या जुलैत, वयाच्या १९ व्या वर्षी वर घेतलं, जमेना म्हणून ऑगस्टमध्ये थोडे दिवस खालच्या लीगमध्ये पाठवलं, परत बोलावलं. २०१२ ला तो त्याच्या लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला.

वय १६ की १८ हा प्रश्न आपण उगाच घोळवत बसतो. पडल्यावर काय, हे आधी ठरलंय का? ठरलं असेल तर थोडं लवकर चाललं तरी बिघडत नाही. ठरलं नसेल तर पंचविसावं वर्षही लवकरच.

मामांना म्हटलं, "खेळवा. पण कोचकडून आधी कबूल करून घ्या. शून्यावर गेला तरी सलग सहा मॅच. आणि ज्युनियरमधली जागा तशीच राहील."

"आणि बॉल तोंडावर बसला तर?" मामी काही ऐकायला तयार नव्हती.

"हेल्मेट माझ्याकडून."

ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो शेजारी प्रसादाचं खोबरं खात बसला होता. म्हणाला, "दादा, सहा नको, आठ सांग ना."

परतीच्या गाडीत कराड मागे पडल्यावर फोन काढला आणि त्या जुन्या फ्रेशरला मेसेज लिहिला. त्या सकाळी कॉलवर जे वाक्य गिळलं होतं, तेच. साताऱ्यापर्यंत नुसता बघत बसलो, मग पाठवला. अजून उत्तर नाही. बघू.