कष्टांना मिळालेली चौकट

टोकियोत सोमवार लागतो तेव्हा हिंगोलीत रविवारच्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्या ठोक्याला ‘वन पीस’चं नवं प्रकरण ‘मांगा प्लस’ या अ‍ॅपवर येतं, आणि सेनगाव तालुक्यातला माझा भाचा जपानी वाचकांच्या बरोबरीनं ते उघडतो. प्रकाशकांनी २०१९ साली ही सोय केली. एइचिरो ओदा यांची ही चाच्यांची कथा १९९७ पासून चालू आहे. भाच्याच्या जन्माआधीच तिचे कितीतरी खंड निघाले होते. पोरगं कार्टून बघत बसलंय, असं त्याच्या आईला वाटतं. बऱ्याच घरांत तसंच वाटतं. डोरेमॉन आणि शिनचॅन आपल्या घरांत टीव्हीवरून, हिंदी बोलत आले. ते मुळात कागदावर काढलेले मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आहेत, हे कुणी सांगितलंच नाही.

मांगा का आवडतो असं विचारलं की पोरं मारामाऱ्या, जादू, थरार यांची नावं घेतात. ते खरंच आहे. पण मला त्यात धरून ठेवलं ते कष्टांनी. ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकानं मैत्री, प्रयत्न आणि विजय हे आपल्या कथांचं ब्रीद मानलं. त्यातल्या प्रयत्नाला मांगाकार जेवढी पानं देतात, तेवढी मी दुसरीकडे क्वचितच पाहिली. ताकेहिको इनोऊए यांच्या ‘स्लॅम डंक’मध्ये (१९९० ते १९९६) साकुरागी नावाचा नवशिका, दांडगट पोरगा बास्केटबॉलच्या साध्या उडी-फेकीचा वीस हजार वेळा सराव करतो. पुढे सगळ्यांत मोठा सामना त्याच फेकीवर जिंकला जातो, आणि त्या शेवटच्या क्षणांच्या पानांवर जवळजवळ एकही संवाद नाही. घामानं भिजलेले चेहरे, चेंडू, घड्याळ. पुढच्या फेरीत हा संघ हरतो. ती हार लेखक मोजक्या शब्दांत सांगून मोकळा होतो. जिंकण्याहून सरावाला जास्त जागा देणारी गोष्ट वाचणाऱ्याला आतून उभारी देते.

माझी सगळ्यांत लाडकी मालिका मात्र शेतीची आहे. हिरोमू अराकावा यांची ‘सिल्व्हर स्पून’ २०११ ते २०१९ या काळात आली, तिचे १५ खंड झाले. अराकावा होक्काइदो बेटावरच्या, दुभत्या गुरांच्या गोठ्यात वाढल्या. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’नं जगभर नाव झाल्यावरही त्या स्वतःचं चित्र काढतात ते चष्मा लावलेल्या गायीचं. ‘सिल्व्हर स्पून’चा नायक हाचिकेन हा शहरातला हुशार मुलगा. मार्कांच्या शर्यतीला आणि बापाच्या अपेक्षांना कंटाळून तो घरापासून लांब, वसतिगृह असलेल्या कृषी शाळेत जातो. तिथे झुंजूमुंजू व्हायच्या आत उठायचं, शेण काढायचं, धारा काढायच्या. वर्गातल्या बाकीच्या पोरांना हे लहानपणापासून येतं. अभ्यासात त्याच्या मागे असलेली ही पोरं गोठ्यात त्याचे गुरू होतात.

मी वसमतकडच्या हळद पिकवणाऱ्या घरातला. हळद काढायची, कंद मोडायचे, शिजवायची, उन्हात वाळत घालायची, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची, मग पोती भरून बाजार गाठायचा. हे सगळं आमच्या अंगवळणी पडलेलं. पण ते गोष्टीत येण्याजोगं आहे, असं शाळेत कधी वाटलं नाही. पुस्तकातला शेतकरी एक तर बळीराजा असायचा, नाही तर बिचारा. अराकावांचे शेतकरी या दोन्हींपैकी कुणी नाहीत. ते हिशोब करतात, भांडतात, यंत्राच्या किमतीवरून तासभर बोलतात, पोटभर जेवतात.

त्या मालिकेतला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. हाचिकेनला डुकराच्या वेतातलं सगळ्यांत किरकोळ पिल्लू दिसतं. दुधासाठी बाकीची त्याला ढकलून देतात. नाव ठेवू नकोस, नंतर जड जाईल, असं सगळे बजावतात. तरी तो नाव ठेवतोच, आणि तेही डुकराच्या मांसाच्या भाताचं. पिल्लू वाढतं, वजन भरतं आणि ठरल्याप्रमाणे कत्तलखान्यात जातं. हाचिकेन सुट्टीतल्या मजुरीच्या पैशांतून त्याचं सगळं मांस विकत घेतो आणि मित्रांना खाऊ घालतो. लेखिका त्याला रडवते, पण प्राण्याला वाचवत नाही. पोटासाठी जीव पाळणाऱ्यांचं मन कसं दुहेरी असतं, हे तिला गोठ्यात राहून कळलेलं आहे.

आमच्याकडे बैलांना नावं असतात. पोळ्याला शिंगं रंगवून, झूल घालून, पुरणपोळी खाऊ घालून त्यांच्या पाया पडतात. आणि एखादं वर्ष असं येतं की बैल बाजारात न्यावा लागतो. आमचा सर्जा विकला तेव्हा दादांनी त्याचं दावं सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकलं, नोटा मोजून घेतल्या आणि घरी येऊन ते दावं खुंटीला अडकवलं. कुणी काही बोललं नाही. हाचिकेनचं ते प्रकरण वाचताना मला दादांचा त्या दिवशीचा चेहरा समजला. प्रेम होतं म्हणून व्यवहार टळला नाही, आणि व्यवहार झाला म्हणून प्रेम खोटं ठरलं नाही.

याच कथेत कोमाबा नावाचा मुलगा आहे. बाप वारलेला, आई आणि दोन लहान जुळ्या बहिणी घरी. बेसबॉल खेळून पैसा कमवायचा आणि गोठा सावरायचा, हे त्याचं स्वप्न. ते पुरं व्हायच्या आत कर्जापायी गोठा मोडतो, गायी गाडीत चढवून नेल्या जातात, पोरगा शाळा सोडतो. त्यांना जामीन राहिलेल्या शेजाऱ्यांना आपले घोडे विकावे लागतात. सोसायटीचं कर्ज, जामीनदाराची सही, एकाच्या बुडण्यानं दुसऱ्याच्या दारात आलेली जप्ती, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. होक्काइदोत बर्फ पडतो आणि आमच्या कयाधू नदीच्या काठी ऊन तापतं, पण कागदावरची सही दोन्हीकडे तेवढीच जड असते. अराकावा या प्रसंगात कुणालाही खलनायक करत नाहीत. गोठा रिकामा झाल्यावरही कोमाबाची ताठ मान त्या तशीच ठेवतात.

ही समज एकट्या अराकावांची नाही. ओसामू तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ ही प्रचंड मालिका काढली. आमच्या भागात कितीतरी घरांच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी असतात. तिथल्या वाचकाला या मालिकेची सुरुवात थेट भिडते. पहिल्या खंडाच्या शेवटाकडे सिद्धार्थ जन्मतो. तोवर गोष्ट असते चाप्रा या गुलाम पोराची आणि तत्ता या अस्पृश्य पोराची. तत्ताला कुठल्याही प्राण्याच्या शरीरात शिरता येतं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांच्या नर्सीतल्या माणसाला हा तत्ता परका वाटणार नाही.

केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. त्या अनुभवावर त्यांनी १९७३ पासून ‘बेअरफूट गेन’ काढली. तिच्या सुरुवातीलाच बाप पोरांना गव्हाच्या शेतात नेतो आणि सांगतो, थंडीत पायांखाली तुडवलेला गहू घट्ट मूळ धरतो आणि सरळ उभा राहतो. जपानी शेतकरी रोपं खरोखरच तशी तुडवतात. आपल्या बाया हरभऱ्याचे शेंडे खुडतात, मग झाड फुटवे धरतं, तसंच हे. एवढा भीषण विषय नाकाझावांनी शेतकऱ्याला पाठ असलेल्या गोष्टीवर उभा केला, म्हणून दहाही खंड वाचून होतात.

हे सगळं चित्रांमुळे साधतं. मांगात संवादाविना चौकटी पुष्कळ असतात. हात, भांडं, पावसाची रेघ, रिकामा खुंटा. वाक्य नसल्यामुळे वाचणारा तिथे आपलं घर घालतो. चित्रांवर बोट ठेवून गोष्ट सांगणं मराठवाड्याला नवीन नाही. पैठणच्या चित्रकथींची रामायण-महाभारताची चित्रं आज संग्रहालयांत आहेत. जपानमध्येही सायकलवर चित्रांची पेटी लावून मुलांना गोष्ट सांगणारे, खाऊ विकणारे कामिशिबाईवाले होते. त्यांच्यासाठी चित्रं काढणारे शिगेरू मिझुकी यांच्यासारखे चित्रकार पुढे मांगात आले. आपल्याकडे हा धागा तुटला, तिकडे तो पेशा झाला.

म्हणून वहीच्या मागच्या पानावर ‘वन पीस’चा नायक लुफी काढणाऱ्या पोराला मी रागावत नाही. तो हात बसवतोय. नक्कल करून झाली की त्यानं घरातलं काढावं: हळदीच्या वाफेत उभी असलेली माय, मोंढ्यात काटा होईपर्यंत पोत्यांवर बसून राहिलेला बाप, जामीन राहिलेला चुलता. अराकावांनी आपला गोठा काढला आणि जगानं तो वाचला. त्यांना आपलं काम सामान्य वाटलं असतं तर ती मालिका झालीच नसती. हिंगोलीच्या पोरांना चांगला कागद, शाई आणि मोकळा वेळ मिळाला पाहिजे. आपलं घर काढण्याजोगं आहे, हा विश्वास मात्र त्यांना आधी आपण मोठ्यांनी द्यायला हवा.