थांबून बघू

पोटाच्या भिंतीत, खांद्यात किंवा मांडीत एक गाठ हाताला लागते. दगडासारखी टणक, दाबली तरी जागची हलत नाही, तिची कड बोटांना सापडत नाही. बायोप्सीचा अहवाल येतो: डेस्मॉइड. हा कॅन्सर नव्हे, कारण ही गाठ फुफ्फुसात किंवा यकृतात पसरत नाही. पण निरुपद्रवी म्हणावी तर ती स्नायूंत शिरते, नसांना वेढते आणि माणसाची झोप हिरावून घेते. वर्षाला दहा लाखांत जेमतेम पाच-सहा जणांना होणारा हा आजार बहुधा ऐन उमेदीत गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना अधिक. कधी बाळंतपणानंतर, कधी थेट सिझेरियनच्या व्रणावर. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, "तूर्त काही करायचं नाही, तीन महिन्यांनी एमआरआय करून बघू," आणि घरचे हवालदिल होतात. गाठ आहे, तर काढून मोकळं का करत नाहीत? माझं म्हणणं असं, की या आजारात थांबून बघणं हाच बहुतेकांसाठी पहिला उपचार आहे आणि त्याला उपचाराचा मान मिळाला पाहिजे.

कित्येक वर्षं सर्जन ही गाठ कापतच आले. ती पुन्हा उगवे, अनेकदा त्याच जागी. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन पेशींना वाढीचा निरोप देतं आणि काम संपलं की शरीर ते मोडीत काढतं. बहुतेक डेस्मॉइडमध्ये जनुकातल्या बदलामुळे ते मोडतच नाही, निरोप चालूच राहतो. त्यात शस्त्रक्रियेची जखम म्हणजे वाढीला नवं निमित्त. उलट, न छेडलेल्या कित्येक गाठी आपोआप थबकतात. २०१८ साली सोराफेनिब या औषधाची ८७ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या; पण ज्यांना औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांच्यापैकीही २० टक्क्यांच्या आकसल्या! शरीर स्वतःहून काय करू शकतं याचा यापेक्षा बोलका पुरावा मला ठाऊक नाही. एमआरआयच्या फिल्मवर अशा निवत चाललेल्या गाठीत काळे पट्टे उमटतात: पेशी कमी, तंतू जास्त. २०२० मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकमताने सक्रिय देखरेखीला पहिलं स्थान दिलं, ते उगाच नव्हे.

यावर कोणी म्हणेल, आणि थांबण्यात जीव गेला तर? शंका रास्त आहे. आतड्याच्या पडद्यातली गाठ आतडं अडवू शकते, मानेतली श्वासावर येऊ शकते. आनुवंशिक पॉलिपच्या आजारात तर हा धोका मोठा. तिथे वेळ दवडू नये. गाठ वाढतच राहिली, वेदना असह्य झाली, तर औषधं आहेत. त्याच चाचणीने सोराफेनिब वाढ रोखतं हेही दाखवलं, आणि २०१२ साली मुंबईच्या पेटंट कार्यालयाने दिलेल्या सक्तीच्या परवान्यामुळे (म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्याला औषध बनवू देणाऱ्या परवान्यामुळे) त्याचा महिन्याचा खर्च सुमारे पावणेतीन लाखांवरून नऊ हजारांच्या आत आला. २०२३ मध्ये अमेरिकेत निरोगासेस्टॅट या औषधाला खास या आजारासाठी मंजुरी मिळाली. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: वाट पाहणं हीच एक यातना आहे. खरंच आहे. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या बाईला "कॅन्सर नाही ना, मग सुटलीस" असं ऐकवलं जातं, आणि रात्री कुशीवर वळताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणून थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे. वेदनेवर औषध, फिजिओथेरपी, ठरल्या तारखेचा स्कॅन आणि मन मोकळं करायला माणूस, हे सगळं त्यात आलं. एवढं न देता नुसतं "बघू" म्हणणाऱ्या डॉक्टरला जाब विचारायला हवा.

तुमच्या घरात असा अहवाल आला, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी बायोप्सीच्या स्लाइड आणि एमआरआय घेऊन, परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, मऊ ऊतींच्या गाठी नेहमी पाहणाऱ्या रुग्णालयात दुसरं मत घ्या.