रिकामा टणत्कार

आमच्या पुराणांतील वीर धनुष्य हाती घेतात, ते पुष्कळदा बाण मारण्याआधी टणत्कार करण्यासाठी. प्रत्यंचा कानापर्यंत ओढावी, बाण न लावताच सोडावी आणि त्या नादाने शत्रुसैन्याच्या छातीत धडकी भरावी, असे वर्णन कीर्तनांतून ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. बाणाशिवाय सुटलेल्या दोरीने खुद्द धनुष्याचे काय होते, हे मात्र कोणत्याही हरिदासबुवांनी आम्हांस सांगितले नाही. ते ज्ञान वयाच्या चौपन्नाव्या वर्षी एका विक्रेत्याच्या पत्रातून व्हावे, असा योग होता.

नोकरीच्या आरंभीची काही वर्षे आम्ही झाबुआ जिल्ह्यात काढली. तेथील भिल्लांच्या हातचा कामठा बांबूचा, आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. एकदा शाळेच्या पडवीत टेकून ठेवलेला एक कामठा आम्ही कुतूहलाने ओढून पाहिला, तेव्हा त्याच्या वृद्ध मालकाने धावत येऊन आमचे मनगट धरले. तो रागावला नाही. त्याने आमच्या हातून दोरी हलके हलके परत आणविली, आणि तीर नसेल तर हिचा मार घरच्यालाच बसतो, अशा अर्थाचे काही तो आपल्या बोलीत बोलला. पुढे आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकांनी फळ्यावर आकृती काढून जे समजावून दिले, ते याहून निराळे नव्हते. धनुष्य वाकविताना आपण जी शक्ती खर्च करतो ती त्याच्या दोन बाहूंत साठते. दोरी सुटताच त्या शक्तीचा बहुतेक भाग बाण आपल्याबरोबर घेऊन जातो. न्यायला बाणच नसेल तर ती जाणार कोठे? ती बाहूंत, दोरीत आणि चाकांत परत फिरते. लाकूड असो की काचतंतू, कोठे तरी चीर पडते. इंग्रजीत याला ‘ड्राय फायर’ म्हणतात. बाण फार हलका असला तरी थोड्या प्रमाणात हेच घडते. म्हणून ओढीच्या दर पौंडामागे बाणाचे वजन निदान पाच ग्रेन असावे, असा संकेत आहे. चाळीस पौंडांच्या धनुष्याला दोनशे ग्रेन, म्हणजे सुमारे तेरा ग्रॅम. तेवढ्या तेरा ग्रॅमांवर त्या यंत्राचे आयुष्य अवलंबून असते!

यंत्र हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. आमच्या शाळेतील दहावीच्या एका विद्यार्थिनीचे धनुष्य ‘कंपाउंड’ जातीचे होते. त्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात, त्यांवरून दोऱ्या फिरतात, आणि पूर्ण ओढल्यावर बोटांवर येणारा भार एकदम उतरतो. त्याच्या बाहूंना परभाषेत ‘लिंब’ म्हणतात. आमच्या शाळेच्या साहित्यनोंदवहीत कोणी तरी ‘लिंब – दोन नग’ असे लिहून ठेवले असून, ते वाचून एका तपासनीसांनी मध्यान्ह भोजनाचा हिशेब मागितला होता. ते असो.

मुलीचे घर मराठी, तीन पिढ्यांपासून इंदूरचे; वडिलांची पिठाची गिरणी. शाळेत बांबूची चार धनुष्ये आहेत, त्यांवर ती शिकली. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले, आणि या मुलीच्या डोळ्यांत निराळेच वारे शिरले. पुढे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या प्रकारातील मिश्र सांघिक स्पर्धा घेण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला, तेव्हा वडिलांचाही विरोध मावळला. आजीच्या पाटल्या पतपेढीत गेल्या, आणि बासष्ट हजार रुपयांचे परदेशी धनुष्य घरी आले. सोबतच्या जाड कागदावर ‘आजीवन हमी’ असे सोनेरी अक्षरांत छापले होते. हे आजीवन कोणाचे, धनुष्याचे, ग्राहकाचे की कंपनीचे, याचा खुलासा नव्हता. २ ऑक्टोबरला दसऱ्याच्या दिवशी जात्याच्या शेजारी त्या धनुष्याचीही झेंडू वाहून पूजा झाली.

त्यापूर्वीच, सप्टेंबरच्या अखेरीस, धनुष्य ओढताना खालच्या बाहूत करकर होत असल्याचे प्रशिक्षकांच्या ध्यानात आले होते. त्यांनी विक्रेत्याला दूरध्वनी केला, तक्रारीचा क्रमांक मिळाला, आणि दोरीला मेण लावा असे उत्तर आले. मेण लावले. दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी, सरावात, मुलीने बाण लावून दोरी सोडली. काडकन आवाज झाला, दोरी चाकावरून उतरली आणि बाण तीन पावलांवर तोंड खाली घालून पडला. त्याच्या शेपटीची खाच, जिला ‘नॉक’ म्हणतात, ती उभी फुटली होती.

ही खाच का फुटते हे ऐकून आम्हांस हसावे की रडावे कळेना. नेमबाज चांगला असला की त्याचे बाण लक्ष्यावर एकमेकांस बिलगून बसतात. मागचा पुढच्याच्या शेपटीवर आदळतो. त्या इवल्या प्लास्टिकला डोळ्यांस न दिसणारी चीर पडते. पुढच्या खेपेस दोरी त्या चिरेतून निसटते आणि धनुष्य रिकामेच सुटते. म्हणजे नेम चुकविणाऱ्याचे धनुष्य सुखरूप, आणि नेमक्या ठिकाणी मारणाऱ्याला दंड.

प्रशिक्षकांनी कापसाचा बोळा घेऊन दोन्ही बाहूंवरून हळूच फिरविला. वरच्या बाहूवरून तो सरकत गेला. खालच्या बाहूच्या मुळाशी, जेथे पूर्वी करकर होत होती तेथे, कापसाचे चार तंतू अडकून राहिले. चीर शोधण्याची एवढीच ती परीक्षा; पण चीर कोणत्या दिवशी पडली, हे कापूस सांगत नाही. ती आधीपासून होती काय? की रिकाम्या झटक्याने पडली? आमच्या मते हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. कंपनीला मात्र ते आले, आणि तेही धनुष्य पेटीतून बाहेर काढण्यापूर्वी, असा आमचा तर्क आहे.

कारण पेटी रवाना झाल्यानंतर आमच्या वाट्याला जे आले ते सांगण्यासारखे आहे. प्रथम, हमीपत्राची नोंदणी मुदतीत झाली नाही असे कळविण्यात आले. नोंदणीची पावती पाठविली. मग मूळ बिल मागविले. ते पेटीतच होते. मग बिलावर वडिलांचे नाव आणि नोंदणीत मुलीचे, तेव्हा पहिला मालक कोण, असा प्रश्न निघाला. दूरध्वनी केला की आमचा कॉल त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे हे सांगणारा मंजूळ आवाज येई, आणि मग सतारीची तीच ती गत. वडील गिरणीच्या घरघरीत फोन कानाला लावून उभे असत. गिऱ्हाइकांना ती गत पाठ झाली. शेवटी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “सर, तुमच्या शब्दाला वजन आहे. एक पत्र लिहा.” आम्ही लिहिले. २०२५ मध्ये जुने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्यामुळे, तीस वर्षांच्या सवयीची ती पोचपावतीची गुलाबी चिठ्ठीही आता नशिबी नव्हती. तरी पत्र पोचले. एकोणीस दिवसांनी उत्तर आले, ते एका वाक्याचे. मराठीत सांगायचे तर असे : ‘तपासणीत धनुष्य रिकामे सोडले गेल्याचे आढळून आले असल्यामुळे हमी लागू होत नाही.’

आम्ही मराठी व्याकरणाचे शिक्षक. आमची दृष्टी प्रथम प्रयोगावर गेली. ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे नवीन कर्मणी प्रयोगाचे उदाहरण म्हणून मुलांना देत आलो आहोत. इंग्रजीच्या सहवासाने आपल्याकडे रुळलेली ही रचना. तिची सोय अशी की, रामाला वाक्यातून खुशाल काढून टाकता येते : रावण मारला गेला. कोणाकडून? ते वाक्याने सांगण्याचे कारण नाही. कंपनीच्या वाक्यातही कर्ता नव्हता. पण त्या रिकाम्या जागेत कोणाला उभे केले आहे, हे सोळा वर्षांच्या मुलीला बरोबर उमगले. “सर, ते म्हणतात की मी खोटं बोलते,” ती म्हणाली. पैशांविषयी ती काही बोलली नाही.

कंपनीची बाजूही आम्ही समजून घेतली आहे. नवे धनुष्य हाती आले की मित्रमंडळींपैकी कोणी तरी ते ओढून पाहतो आणि सोडतो. मग ‘आपोआप मोडले’ म्हणून पेटी परत जाते. अमेरिकेत शिकारीसाठी वापरतात त्या आडव्या धनुष्यांत, म्हणजे क्रॉसबोत, हा तंटा आणखी तीव्र आहे. तेथे दीडशे-दोनशे पौंडांची ओढ आखूड बाहूंत कोंडलेली, आणि ती सोडायला बोटाचा एक चाप पुरे. म्हणून बाण जागेवर नसेल तर चाप ओढूनही दोरी अडकवून धरणारा खटका त्यांत बसविलेला असतो. तरीही बाण दोरीला अगदी टेकलेला नसला, किंवा त्याची खाच त्या धनुष्याच्या जातीची नसली, तर दोरी बाणाच्या वरून किंवा खालून निसटते, आणि बाण लावलेला असूनही धनुष्य रिकामे सुटते. मग मालक म्हणतो बाण होता, कारखाना म्हणतो नव्हता. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. प्रश्न इतकाच की, वस्तू ज्याने घडविली, परीक्षा ज्याने केली आणि निकालही ज्याने दिला, तो एकच असावा काय?

यावर कायदा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आला. त्याप्रमाणे ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी नाही. सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा अधिकारही आयोगास आहे. आम्ही अर्जाचा मसुदा केला आणि त्याची एक प्रत कंपनीस पाठविली. मग मात्र आठ दिवसांत फोन आला, तो माणसाचा, सतारीचा नव्हे. ‘सद्भावनेपोटी’ नवे बाहू निम्म्या किमतीत देऊ; फक्त सोबतच्या हिंदी कागदावर ग्राहकाने सही करावी. त्या कागदावर होते : ‘मेरे द्वारा धनुष खाली छोड़ा गया।’

वडिलांनी खिशातून पेन काढले. त्यांचा आम्हांस मुळीच राग आला नाही. पाटल्यांचे व्याज चालू होते, निवड चाचणी होऊन गेली होती. त्या चाचणीत मुलगी दुसऱ्या एका खेळाडूचे, तिच्या हातांना इंचभर लांब पडणारे धनुष्य घेऊन उभी राहिली आणि वगळली गेली. आता एका सहीने काय बिघडणार होते? पण नोंदणी मुलीच्या नावाची, म्हणून सही तिचीही हवी होती. ती म्हणाली, “बाबा, दोरी मी सोडली. धनुष्य रिकामं मी नाही सोडलं, ते सुटलं.”

आम्ही तीस वर्षे सकर्मक आणि अकर्मक क्रियापदे शिकवीत आहोत. तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, सोडणे-सुटणे, अशा जोड्या मुलांकडून घोकून घेतल्या आहेत. त्यांतील एका स्वराच्या आणि एका व्यंजनाच्या फरकात एखाद्याची अब्रू राहू शकते, असे उदाहरण पाठ्यपुस्तकात आम्हांस आढळलेले नाही. हिंदी ही तर मराठीची सख्खी बहीण. तिच्याजवळही ही जोडी आहे. मुलीने ‘मेरे द्वारा’ आणि ‘छोड़ा गया’ यांवर पट्टीने रेघ मारली, वर लिहिले ‘नॉक टूटने से’ आणि ‘छूट गया’, आणि मग सही केली. वडिलांनी एकवार आमच्याकडे पाहिले व तिच्या सहीखाली आपली केली.

कागद परत येईल, असे आम्ही धरून चाललो होतो, आणि अर्जाचा मसुदा टेबलाच्या खणात वरच ठेवला होता. तो परत आला नाही. कोणी वाचला की नाही, देव जाणे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवे बाहू आले, शाळेच्याच पत्त्यावर. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत पेटी उघडली. आजूबाजूला मुले जमली होती. कोणी शुभेच्छांचे छापील कार्ड वाचत होता, कोणी थर्मोकोलचा चुरा उडवीत होता. मुलीने त्यातील काहीच हाती घेतले नाही. तिने आमच्या प्रथमोपचाराच्या पेटीतून कापूस मागून घेतला, आणि एकेक बाहू खिडकीच्या उजेडात धरून, मुळापासून टोकापर्यंत, तो सावकाश फिरवू लागली.