किल्ली कुणाच्या खिशात?

परळी वैजनाथ म्हटलं की बाहेरच्यांना ज्योतिर्लिंग आठवतं, आणि आम्हा बीडकरांना त्याच्या जोडीला थर्मल. 'औष्णिक विद्युत केंद्र' हे लांबलचक नाव फक्त पेपरात. तिथले जुने २१० मेगावॅटचे संच इतिहासजमा झाले, आता २५० चे तीन आहेत. पेपरात 'परळीचा संच ट्रिप' अशी बातमी आली की लोकांना वाटतं, झालं, बिघडलं काहीतरी. पण ट्रिप होणं म्हणजे बऱ्याचदा कुणीतरी आपलं काम चोख केलेलं असतं. आज त्या 'कुणीतरी'बद्दल.

अशा प्लांटमध्ये दोन वेगळ्या वृत्तीचे कॉम्प्युटर असतात. एक डीसीएस. त्याचं काम प्लांट चालू ठेवणं. दिवसभर हे थोडं वाढव, ते थोडं कमी कर, संसारी माणसासारखं. दुसरा सेफ्टी शटडाउन कंट्रोलर. कोळशाच्या बॉयलरवर हे काम करणाऱ्या यंत्रणेला एफएसएसएस म्हणतात. हा बहुतेक वेळ नुसता बघत बसलेला असतो. त्याला एकच गोष्ट येते: इंधन तोडणं.

बॉयलरच्या माथ्यावर ड्रम नावाचं जाडजूड पोलादी भांडं असतं. त्यातलं पाणी फार खाली गेलं तर नळ्या तापून फुटतात, फार वर गेलं तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनकडे निघतं. पातळी सांभाळतो डीसीएस. पण ती हद्दीबाहेर गेली की एफएसएसएस चर्चा करत नाही. तीन ट्रान्समीटरपैकी दोघांनी 'गेली' म्हटलं की सगळं इंधन बंद. भट्टीतली ज्योत विझली तरी तेच, कारण न जळलेली कोळशाची भुकटी आत साठली आणि नंतर पेटली तर स्फोट. म्हणून ट्रिपनंतर लगेच पेटवताही येत नाही. आधी निदान ५ मिनिटं नुसती हवा सोडून भट्टी धुवायची. वरून लोडचे फोन येत असताना ती ५ मिनिटं किती लांब असतात ते कंट्रोल रूमवाल्यांना विचारा.

(परळीचं पाण्याशी नातं तसं जुनंच नाजूक. २०१३ च्या फेब्रुवारीत अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं, कारण दुष्काळात गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून पाणीच येईना. त्या पातळीसाठी कुठला कंट्रोलर बसवायचा, हा वेगळा विषय. असो.)

तर या दोघांना एकमेकांशी बोलायला लावणं हा माझा धंदा. ऑपरेटरला दोघांची माहिती एकाच पडद्यावर हवी असते, आणि ते रास्त आहे. कुठला ट्रिप आधी आला, कुठला व्हॉल्व्ह अर्धवट अडकला, हे चार ठिकाणी शोधत बसायला त्या घडीला वेळ नसतो. मॉडबसची लिंक टाकायची, घड्याळं जुळवायची, पॉइंटची यादी करायची. यात बुद्धीपेक्षा चिकाटी लागते.

माझे मामा जुन्या संचांवर ऑपरेटर होते. दिवाळीत मी त्यांना हे मोठ्या उत्साहानं सांगत होतो. त्यांनी सुपारी कातरता कातरता एकच विचारलं, "आन् तुमची ती लिंक तुटली की मंग?"

मामांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. लिंक तुटली तर पडद्यावर अलार्म यावा, आकडे शिळे झाल्याची खूण दिसावी, आणि शटडाउनच्या कामात तसूभरही फरक पडू नये. त्याचे सेन्सर वेगळे, वीजपुरवठा वेगळा, व्हॉल्व्हपर्यंतची वायर थेट. ट्रिप करण्याआधी त्यानं डीसीएसला काहीही विचारायचं नाही. लिंकवरून माहिती बाहेर जाऊ दे, हुकूम आत येऊ देऊ नये.

पण प्रत्यक्षात हुकूम हळूहळू आत शिरतात. सुरुवात होते 'ओव्हरराइड'पासून. ट्रान्समीटर दुरुस्तीला काढायचा तर त्याचा ट्रिप तेवढ्यापुरता अडवावा लागतो, ही खरी गरज. योग्य पद्धत अशी की पॅनेलवर किल्लीचा स्विच असावा. शिफ्ट इनचार्जनं किल्ली फिरवली तरच पडद्यावरचं बटण चालेल, एका वेळी एकच, ठरावीक वेळेपुरतं, आणि रजिस्टरात सहीनिशी.

किल्लीचं महत्त्व जगाला २०१७ मध्ये कळलं. सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये हल्लेखोर नेटवर्कमधून सरकत सरकत सेफ्टी सिस्टीमच्या इंजिनिअरिंग कॉम्प्युटरपर्यंत पोचले आणि ट्रायकॉनेक्स कंट्रोलरमध्ये स्वतःचा प्रोग्राम घुसवू लागले. त्या व्हायरसला पुढे ट्रायटन नाव पडलं. कंट्रोलरवरची किल्ली 'रन'ऐवजी 'प्रोग्राम'वर राहिली होती, म्हणून त्यांना लिहिता आलं. कंट्रोलरमधल्या जोडीदार प्रोसेसरांचा आपसातला ताळा जुळला नाही, कंट्रोलर सुरक्षित स्थितीत गेले आणि प्लांट ट्रिप झाला. त्या ट्रिपमुळेच प्रकरण उघडकीला आलं. तेव्हा ट्रिपला शिव्या घालण्याआधी जरा थांबा :-)

आता आमच्याकडची गोष्ट. एका केमिकल कारखान्यात (नाव सांगणार नाही) लिंकचं काम चालू होतं. प्रॉडक्शनच्या साहेबांना किल्ली नकोच होती. "रात्री दोनला कुठं इनचार्जला शोधत बसायचं? बटण द्या की थेट." तीन मीटिंगा झाल्या. शेवटी ड्रॉइंगमध्ये किल्ली राहिली. जिंकलो म्हणून मी चहाही पाजला सगळ्यांना.

दोन महिन्यांनी गेलो तर किल्ली स्विचमध्येच. 'चालू'कडे फिरवलेली, आणि हरवू नये म्हणून सुतळीनं हँडलला बांधलेली! ज्या पोरानं बांधली त्याच्यावर राग धरता येईना. त्याला ती हरवल्याबद्दल बोलणी बसली असती, बांधल्याबद्दल कोणी बोललं नव्हतं.

मी सुतळी सोडली, किल्ली इनचार्जच्या हातात दिली, आणि एक पॉइंट वाढवला: स्विच १५ मिनिटांपेक्षा जास्त 'चालू' राहिला तर डीसीएसवर अलार्म. इनचार्ज सोडून कुणाला बंद करता येणार नाही असा.

आठवड्यानं फोन आला. "सर, तो नवीन अलार्म सकाळपासून वाजायलाय. लिंकमधून काढून टाकता का?"

म्हटलं, "किल्ली काढा. थांबेल."

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग, "बघतो सर," म्हणून फोन ठेवला.