शुक्रवार बाजारातला छापखाना

अँटवर्पला गेलेल्या माणसाने हिरे बघावेत आणि रुबेन्स बघावा, अशी जगाची अपेक्षा असते. हिऱ्यांची दुकानं रेल्वे स्टेशनच्या दारातूनच सुरू होतात. स्टेशनही १९०५ सालचं, घुमटाचं, तिकीट काढून बघावं इतकं देखणं. माझी पुतणी तिकडेच शिकते. तिने कार्यक्रम आखून ठेवला होता: ग्रोटे मार्क्ट चौक, कॅथीड्रल, नदीकाठ आणि वॉफल. त्यात मी हट्टाने प्लांतँ-मोरेटुस संग्रहालय घुसवलं, आणि तेही सगळ्यांच्या आधी. पुण्यातल्या छापखान्यांत प्रुफं तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे तिने वाद घातला नाही.

शुक्रवार बाजाराच्या चौकातली ही वास्तू बाहेरून साधी सरकारी कचेरी वाटते. आत गेलं की फरसबंदी अंगण, भिंतींवर चढलेले वेल, आणि चारही बाजूंनी छापखाना. क्रिस्तोफ प्लांतँ हा फ्रान्सहून आलेला बुकबाइंडर. त्याने १५५५ मध्ये या शहरात छपाई सुरू केली आणि भरभराटीच्या काळात सोळा प्रेस चालवले. त्याच्यामागे जावई यान मोरेटुस आणि त्याचे वंशज तीनशे वर्षं धंदा करत राहिले. १८७६ मध्ये त्यांनी घर, यंत्रं, छपाईचे खिळे, हिशेबाच्या वह्या असं सगळं शहराला विकलं. म्हणून इथे काचेआड मांडलेलं ‘प्रदर्शन’ वाटत नाही, कारखाना वाटतो. २००५ साली तो जागतिक वारसा यादीत गेला.

रस्त्याकडच्या दुकानाच्या खोलीत नाणी तोलायचा काटा आहे आणि भिंतीवर बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी टांगलेली आहे. ही यादी १५६९ मध्ये प्लांतँनेच छापली. राजाने बंदी घालायची, तिची यादी छापून चार पैसे आपण मिळवायचे. प्रकाशनाचा धंदा तेव्हाही असाच होता.

मी रेंगाळलो तो मुद्रितशोधकांच्या खोलीत. खिडकीला लावून ओकचं भलंमोठं जुनं डेस्क, उंच पाठीचं बाक, शिसपट्ट्यांच्या तावदानांतून अंगणातला उजेड. उजेड डावीकडून येतो की उजवीकडून, हे मी आधी बघितलं, सवय. प्लांतँच्या छापखान्यात कॉर्नेलिस किलियान नावाच्या माणसाने जवळपास पन्नास वर्षं काढली. जुळारी म्हणून सुरुवात केली, मुद्रितशोधक झाला, आणि हे करता करता डच भाषेचा शब्दकोश सिद्ध केला. चुका दुसऱ्यांच्या आणि बोल मुद्रितशोधकाला, अशी तक्रार त्याने लॅटिन पद्यात करून ठेवली आहे. चारशे वर्षांनी त्यात खाडाखोड करण्यासारखं काही नाही.

प्लांतँच्या मुलीही प्रुफांच्या कामाला असत. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने प्लांतँने १५६८ ते १५७३ मध्ये पाच भाषांतलं आठ खंडांचं बायबल काढलं. त्याच्या प्रुफांसाठी हिब्रू, सिरियाक, ग्रीक मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचं काम तेरा वर्षांच्या माग्दालेनाकडे होतं. “काका, तिला त्या भाषा येत होत्या?” पुतणीने विचारलं. अर्थ कळत होता की नाही, देव जाणे. पण एकाने मूळ प्रत वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची, यात वाचणाऱ्याला अर्थ कळला नाही तर उलट बरं असतं. अर्थ कळणारा माणूस अक्षरं गिळतो.

पुढे खिळ्यांच्या केसेस, थरावर थर. इथे अक्षरकार गारामाँने कोरलेले अस्सल पोलादी ठसेसुद्धा आहेत. आधी पोलादावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकायचं आणि त्या साच्यात शिसं ओतायचं. प्रेसच्या दालनाच्या टोकाला १६०० च्या सुमाराचे दोन लाकडी प्रेस उभे आहेत, जगातले सर्वांत जुने. एकाने चामडी गोळ्यांनी शाई लावायची, दुसऱ्याने दांडा ओढायचा. दिवसाकाठी साडेबाराशे ताव, दोन्ही बाजूंनी. दांड्याची मूठ हातांनी घासून काळी गुळगुळीत झाली आहे.

तिथे मला गोवा आठवला. प्लांतँने सुरुवात केली त्याच्या पुढच्याच वर्षी, १५५६ मध्ये, गोव्यात छापखाना आला. पण १६१६ मध्ये राशोलला फादर स्टीफन्सचं मराठी पुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. आपल्या अक्षरांचे खिळेच नव्हते! यंत्र नेणं सोपं. अक्षरं पाडणारा कारागीर कुठून आणणार?

रुबेन्सही इथेच भेटला. घरात त्याने रंगवलेली मोरेटुस कुटुंबाची व्यक्तिचित्रं आहेत. पुस्तकांची शीर्षकपृष्ठंही तो करून द्यायचा, पण फक्त सुट्टीच्या दिवशी. कामाच्या दिवशी हवं असेल तर एका चित्राचे शंभर गिल्डर लागतील, असं प्लांतँच्या नातवाने, बाल्टाझार मोरेटुसने, एका पत्रात लिहून ठेवलं आहे.

मग कॅथीड्रल. १२३ मीटरचा मनोरा मान मोडेपर्यंत बघितला आणि आत ख्रिस्ताला क्रूसावरून उतरवतानाच्या रुबेन्सच्या त्या प्रचंड चित्रासमोर उभे राहिलो. हे बंदूकधाऱ्यांच्या संघाने सांगून करून घेतलेलं काम. पांढऱ्या वस्त्रावरून देह घसरतोय, आणि वरच्या एका माणसाने हात मोकळे ठेवायला ते वस्त्र दातांत धरलंय.

“हे सुट्टीच्या दिवशीचं नाही वाटत,” पुतणी म्हणाली.