भिशीतला समुद्र

खंडाळा म्हटले की लोकांना लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे खंडाळे आठवते आणि 'वा, काय माहेर आहे!' असा चेहरा ते करतात. माझे माहेर ते नव्हे. आमचे खंडाळे सातारा जिल्ह्यातले. पुण्याहून निघालेली गाडी नीरा ओलांडते, शिरवळ मागे टाकते आणि खंबाटकीचा घाट चढण्यापूर्वी एक गाव झर्रकन निघून जाते, ते आमचे. येथे हवा खायला कोणी उतरत नाही. पाऊससुद्धा आमच्याकडे येतो तो महाबळेश्वर-पाचगणीला हात सैल सोडून आल्यावर, उरलासुरला.

नकाशावर पट्टी ठेवली तर येथून समुद्र शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आहे. पण मध्ये सह्याद्री उभा. माझी आत्या शहात्तर वर्षांची झाली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. लवकरच माहेरी परत आलेली आणि मग तेथलीच झालेली ही बाई. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्याच तालुक्यात, लोणंदला उतरते. त्यामुळे पंढरपूर तिने अठरा वेळा पाहिले. समुद्र मात्र टेलिव्हिजनवर. "त्यात वास येत नाही," ही तिची त्याबद्दलची तक्रार.

गोष्ट निघाली संक्रांतीच्या हळदीकुंकवात. वहिनींनी पाच जणींची भिशी काढली: आत्या, वहिनी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, शिरवळच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या शेजारीणबाई आणि पुण्याहून पैसे पाठवणारी मी. दरमहा चारशे, फेब्रुवारी ते जून, आणि चिठ्ठी काढायची नाही. जूनअखेर दहा हजार रुपये जमले. त्यांतच पाच जणींचा समुद्र बसवायचा होता.

घरात दोन प्रश्न विचारले गेले. पहिला, "बायका-बायकाच?" सावित्रीबाई फुल्यांचे नायगाव आमच्या तालुक्यात आहे. दरवर्षी ३ जानेवारीला तेथे स्त्रियांच्या मोकळेपणावर भाषणे होतात आणि माझा भाऊ ती पहिल्या रांगेत बसून ऐकतो. प्रश्न त्याचाच.

आत्या म्हणाली, "अठरा वर्षं वारीला गेले. एकदा तरी विचारलंस का रे, सोबत कोण आहे म्हणून?"

"आत्या, वारी देवासाठी असते."

"आणि हे माझ्यासाठी. त्यात काय चुकलं?"

भाऊ बाहेर जाऊन मोटारसायकल पुसत बसला. वहिनींनी सासरी येऊन इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

दुसरा प्रश्न मात्र खरा होता: "पावसाळ्यात?" त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत होते. उन्हाळ्यात आणि दिवाळीत किनाऱ्यावरच्या खोल्यांचे भाव आमच्या दहा हजारांना हसतात; श्रावणात तीच खोली जवळजवळ निम्म्यात मिळते. पेरण्या उरकलेल्या असतात, शाळा-कॉलेजे मार्गी लागलेली असतात. पण स्वस्ताईची किंमतही असते. पाण्यातले खेळ आणि होड्या या दिवसांत बंद असतात, जंजिऱ्यासारख्या किल्ल्यावर जाता येत नाही, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असल्यामुळे ताज्या मासळीची आशा धरायची नाही. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे, समुद्रात पाऊल टाकायचे नाही. पावसाळी समुद्र बघायचा असतो. पुण्या-मुंबईची धडधाकट पोहणारी मुले दरसाल या गोष्टीचा विसर पडून बुडतात.

रस्त्याचा विचार आम्ही चार रात्री केला. जवळची वाट वाई, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर अशी. पण तो घाट पावसाळ्यात बेभरवशाचा. २०२१ च्या जुलैत तर दरडींनी रस्ता ठिकठिकाणी तोडला होता. भोरवरून वरंध घाट आहे, तोही या दिवसांत पुष्कळदा बंद. शेवटी लांबचाच मार्ग धरला: सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि तेथून ४५ किलोमीटरांवर गुहागर. दरडी कुंभार्लीतही पडतात, पण तो वाहता रस्ता आहे; अडकलो तर एकट्या अडकणार नाही, एवढा दिलासा.

वाहन अर्थात एस.टी. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आदल्या ऑगस्टपासून तिकीटच नाही. आमच्या भागातल्या किती बायका या अर्ध्या तिकिटावर प्रथमच तालुक्याबाहेर पडल्या, ते स्टँडवर तासभर बसून पाहावे. चौघींचे येऊनजाऊन सोळाशेच्या आत बसले. आत्याने आधारकार्ड पदराच्या गाठीत बांधले आणि पुढे प्रत्येक कंडक्टरने मागण्यापूर्वीच ते काढून दाखवले.

पहिला बेत जुलैचा होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी घाटमाथ्यासाठी हवामान खात्याचा लाल इशारा आला. पिशव्या भरलेल्या, दशम्या झालेल्या. मी 'नको' म्हटले. आत्या काही बोलली नाही. दशम्यांचा डबा तिने शेजारी देऊन टाकला आणि दोन दिवस माझ्याशी फोनवर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती एवढेच म्हणाली, "पुढच्या वर्षी जाऊ, असं तेवढं म्हणू नकोस." मी तसे म्हणणारच होते. आजही त्या आठवणीने मला बरे वाटत नाही, पण इशारा होता, आणि पुन्हा आला तरी मी तेच करीन.

दुसरा दिवस आम्ही पंचांगातून काढला. भरतीची वेळ काढायची कोकणात जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी फार वर चढते; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही नरम. म्हाताऱ्या माणसाला किनाऱ्यावर न्यायचे तर दिवस भांगाचे हवेत आणि भरदुपारी पाणी दूर गेलेले हवे. म्हणून श्रावण शुद्ध अष्टमी ठरली. नारळी पौर्णिमेला गर्दी आणि उधाण दोन्ही असतात, ती टाळली. आठवडाभर रोज हवामानाचा अंदाज पाहिला आणि मगच निघालो.

कुंभार्लीत धुके एवढे होते की ड्रायव्हरलाच काय दिसत असेल ते दिसो. कोयनानगर मागे पडल्यावर मी आत्याला सांगत होते, कोयना खरी पूर्वेला जाणारी नदी, पण धरणाचे पाणी बोगद्यांतून डोंगराखालून पश्चिमेला वळवून पोफळीला वीज काढतात, आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीतून समुद्राला मिळते.

"म्हणजे पाणीसुद्धा घाट उतरलं," आत्या म्हणाली, "आणि मला शहात्तर वर्षं लागली."

गुहागर एका लांब रस्त्याला धरून वसलेले गाव आहे. वरचा पाट, खालचा पाट; दोन्ही अंगांना घरे, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यापलीकडे सुरू आणि मग सहा-सात किलोमीटरांची सरळ वाळू. व्याडेश्वराचे देऊळ स्टँडपासून जवळच. वहिनींनी 'आधी दर्शन' म्हटले. आत्या थांबली, कान दिला. वाडीपलीकडून एकसारखा आवाज येत होता, मोठ्या गिरणीसारखा. "देव कुठे जात नाही," ती म्हणाली आणि छत्री न उघडता चालू लागली.

तिने काय पाहिले ते मी सांगू शकत नाही. मी पाहिले ते करडे पाणी, करडे आकाश, आणि मधल्या रेषेचा पत्ता नाही. संध्याकाळची वेळ, भरती जवळजवळ पुरी, लाटा पुळणीवर येऊन आपटत होत्या. आत्या सुरूच्या खोडाला हात लावून उभी राहिली. बराच वेळ. मग पदराने तोंड पुसले आणि ओठ चाटून म्हणाली, "वारासुद्धा खारट आहे गं." भाचीने सलवार वर करून पाण्याकडे धाव घेतली, तेव्हा आमच्या मुक्कामाच्या घरच्या बाई, आमच्याबरोबर मुद्दाम आलेल्या, अशा काही ओरडल्या की पोरगी जागीच खिळली. "आत ओढतो तो," त्या म्हणाल्या. "वरून दिसत नाही." आत्याने त्यांचा हात धरून ठेवला. दोघी एका वयाच्या असाव्यात.

त्या बाईंनी दोन दिवस आम्हांला टाकळ्याची भाजी, अळूचे फदफदे आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाऊ घातल्या. मासळीची आठवण शेजारीणबाईंखेरीज कोणाला झाली नाही, त्यांना मात्र जेवणागणिक झाली.

नवमीला पहाटे रिक्षाने हेदवीला गेलो. दशभुज गणपती पाहिला, पण ओढ बामणघळीची. खडकातली ती अरुंद चीर. भरतीचे पाणी तीत घुसते आणि कोंडले की कारंज्यासारखे उंच उसळते. नवमीची पाऊणपट पावणेसात, त्या वेळी आम्ही तेथे होतो. भांग असूनही पावसाळी लाटेचा जोर पुरेसा होता. खडक शेवाळलेले, म्हणून लांबूनच पाहिले. प्रत्येक उसळीला आत्या टाळी वाजवी, भजनातल्यासारखी.

दुपारी गुहागरला परत आलो तेव्हा ओहोटी होती. पाणी दूर, मध्ये ओली, घट्ट वाळू. घरच्या बाईंनी डोके हलवून संमती दिली, आणि विझत आलेली एक लाट, घोट्याच्याही खाली, आत्याच्या पायांवरून गेली. पायाखालची वाळू सरकली तशी ती घाबरून मोठ्याने हसली. तिचे ते हसणे मी पूर्वी ऐकलेले नव्हते.

हिशेब असा: तिकिटे १६००, दोन रात्री एक मोठी खोली ३६००, रिक्षा १२००, जेवण-चहा २७५०. उरलेल्या ८५० मधून आमसुले आणि फणसपोळी. बाकी ३४० वहिनींकडे जमा. व्याडेश्वराचे दर्शन निघायच्या दिवशी सकाळी, गाडीला वीस मिनिटे असताना झाले.

खंडाळ्याच्या स्टँडवर भाऊ आला होता. पिशवी उचलत त्याने विचारले, "मग, कसा होता?"

"ओला," आत्या म्हणाली, आणि घरापर्यंत ती त्याला फणसपोळीचा भाव सांगत होती.